लघवीची गोळी : आपल्या मनाने घेऊ नका, आपल्या मनाने सोडू नका

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत काम करताना बीपीच्या औषधांबद्दल दोन वाक्ये आम्हाला सारखी ऐकू येतात. एक, "पाय सुजले म्हणून मेडिकलातून लघवीची गोळी आणली." दुसरे, "सारखं लघवीले जा लागते, म्हणून गोळी सोडून देली." पहिल्यात गोळी आपल्या मनाने सुरू झाली, दुसऱ्यात आपल्या मनाने बंद झाली. दोन्ही जिवावर बेतू शकते.

बीपी हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, हा समज आधी सोडला पाहिजे. 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीच्या ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात साधारण सातपैकी एक मृत्यू लकव्याने झालेला आढळला. मृत्यूचे ते सर्वांत मोठे कारण होते. आणि लकव्यामागचे सर्वांत मोठे कारण असते आटोक्यात न ठेवलेला रक्तदाब.

गोळी करते काय?

ही गोळी किडनीला जास्त मीठ बाहेर टाकायला लावते. मिठासोबत पाणीही जाते. त्यामुळे रक्तदाब उतरतो, साचलेले पाणी कमी होते. पण सगळ्या गोळ्या एकसारख्या नसतात. क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड या सौम्य गोळ्या मुख्यतः बीपीसाठी देतात. त्यांनी सारखे लघवीला जाणे पहिल्या काही आठवड्यांनंतर बरेच कमी होते, म्हणून घाईने सोडू नयेत. फ्युरोसेमाइड, म्हणजे ओळखीची 'लॅसिक्स', आणि टॉर्सेमाइड या जोरदार गोळ्या आहेत. हृदय, किडनी किंवा लिव्हरच्या आजारात पाणी साचले तर त्या देतात. या चारही गोळ्यांनी शरीरातले पोटॅशियम कमी होऊ शकते. पायात गोळे येणे, गळून जाणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे. स्पायरोनोलॅक्टोनचे उलटे आहे. तिने पोटॅशियम वाढते, टेल्मिसार्टनसोबत आणखी वाढते. म्हणून गोळी सुरू झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ताची तपासणी करायचीच. 'लो सोडियम' मीठही त्यांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते.

प्रत्येक सूज पाण्याची नसते

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हत्तीरोग आहे. हत्तीपायाची सूज लसिकावाहिन्या बिघडल्याने येते, ती लघवीच्या गोळीने उतरत नाही. बीपीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अॅमलोडिपिननेही घोट्याजवळ सूज येते. त्यावर लघवीची गोळी चढवणे हा उपाय नाही, डॉक्टरांकडून अॅमलोडिपिनचा डोस किंवा औषध बदलून घ्यावे लागते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर रक्ताची गाठ असू शकते. गरोदर बाईच्या हातापायांना, चेहऱ्याला सूज असेल तर गोळी न देता त्याच दिवशी बीपी तपासून घ्या.

ऊन, सिकलसेल आणि दुखण्याची गोळी

एप्रिल-मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात घामाने पाणी जाते, वरून गोळीने जाते. उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंड कोरडे पडणे, लघवी कमी आणि गडद होणे, बडबडल्यासारखे करणे या धोक्याच्या खुणा आहेत. हगवण किंवा उलट्या लागल्या तर गोळी पुढे घ्यायची की काही दिवस थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. अंगातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाला वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांपुढे सिकलसेलचे कार्ड न विचारता ठेवावे.

रोवणीच्या दिवसांत अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेणारे पुष्कळ आहेत. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची गोळी एकत्र आल्या तर किडनीवर मोठा ताण येतो. दुखणे असेल तर बीपीची औषधे दाखवूनच गोळी मागावी.

सोडू नका, वेळ बदलून मागा

बाया गोळी सोडतात त्यामागे हट्ट नसतो. शेतात आडोसा नसतो. रात्री परसाकडे जावे तर जंगलालगतच्या गावात वाघाचे भय असते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, तिथल्या दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणारी म्हातारी माणसेही बसमध्ये अडचण नको म्हणून गोळी चुकवतात, पाणीही पीत नाहीत.

ही अडचण डॉक्टरांना स्पष्ट सांगितली पाहिजे. लघवीची गोळी शक्यतो सकाळी घ्यायची असते. दोन वेळा असेल तर दुसरी दुपारीच, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा तास राहतो. त्यामुळे प्रवासाच्या किंवा कामाच्या दिवशी ती कधी घ्यावी, हे डॉक्टर ठरवून देऊ शकतात. चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

जयंतीला विहारात बीपी तपासणीचे शिबिर घेतो, फोटो काढतो आणि विसरतो. त्याऐवजी महिन्यातून एक दिवस ठरवावा. ज्यांची गोळी सुरू आहे त्यांचे बीपी आणि वजन वहीत लिहावे, रिकामी पाकिटे पाहावीत, गोळी संपण्याआधी आशाताईंना किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात कळवावे. हृदयाच्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला, तर थांबू नये. तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे, बोबडे बोलणे दिसले तर लगेच १०८ ला फोन करावा.

गोळी कोणती आणि किती हे डॉक्टर ठरवतील. ती रोज घेता यावी म्हणून घरोघरी वापरता येणारा संडास आणि महिन्याच्या गोळ्या वेळेवर मिळणे, हे ग्रामसभेत मागायचे काम आपले आहे.