३३९ सामने, आणि गोल किती?

३३९ आंतरराष्ट्रीय सामने. ४ ऑलिंपिक, ४ विश्वचषक, ४ चॅम्पियन्स ट्रॉफी, ४ आशियाई क्रीडा स्पर्धा. खडकीच्या धनराज पिल्ले यांच्या कारकिर्दीचा एवढा हिशेब पक्का आहे. गोल किती, असं विचारलं की मात्र वही कोरी. तेव्हाच्या भारतीय हॉकी महासंघाने त्यांच्या गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नाही. सगळीकडे छापला जाणारा '१७० च्या वर' हा आकडा महासंघाच्या दप्तरातला नाही. एक तर तो स्वतः पिल्ले सांगतात, नाहीतर हॉकीची आकडेवारी जमवणारे लोक.

ज्या खेळात भारताने ८ ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली, त्या खेळाची ही कारकुनी!

आता दुसऱ्या टोकाची नोंदवही पाहू. आइस हॉकी. कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी बर्फ दिसतो तो रसवंतीवर, तेव्हा या खेळाशी आपला संबंध तसा नाहीच. पण पिल्ले यांनी भारताकडून पहिला सामना खेळला त्या १९८९ सालीच रॉबिन बावा हा भारतीय वंशाचा खेळाडू उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरला. या लीगमधला भारतीय वंशाचा तो पहिला खेळाडू. बावाची तिथली कारकीर्द अगदी छोटी, पण नोंद चोख: ६१ सामने, ६ गोल, गोलाला हातभार १ वेळा. त्याच्यानंतरचा मॅनी मल्होत्रा खूप टिकला: ९९१ सामने, ११६ गोल, १७९ वेळा हातभार, एकूण २९५ गुण. खेळाडू बर्फावर किती मिनिटं आणि किती सेकंद होता, हेही तिथे लिहून ठेवतात. पंच दोघांच्या मध्ये चकती टाकतात आणि ती कोण मिळवतो याची झटापट होते, तिला फेसऑफ म्हणतात. २०१०-११ च्या हंगामात मल्होत्राने यातले सुमारे ६२ टक्के फेसऑफ जिंकले होते.

भागाकार केला तर मल्होत्राचा गोल साधारण साडेआठ सामन्यांत एक, आणि पिल्ले यांचा, १७० हा आकडा धरून, दोन सामन्यांत एक. यावरून कोण मोठा हे ठरवायला जाऊ नये. खेळ वेगळे, आणि मल्होत्राचं मुख्य काम प्रतिस्पर्ध्याला रोखण्याचं होतं. पण त्या कामाचंही माप घेतलं गेलं. गोल कमी असूनही संघ त्याला वर्षानुवर्षं का घेत राहिले, ते फेसऑफच्या रकान्यात दिसतं.

पिल्ले यांच्या खेळातला मोठा भाग असा रकान्याबाहेर राहिला. ते आघाडीचे खेळाडू. चेंडू घेऊन वेगाने वर्तुळात घुसायचं, बचाव विस्कटायचा आणि पास द्यायचा किंवा पेनल्टी कॉर्नर मिळवायचा. त्या कॉर्नरवर गोल झाला की तो मारणाऱ्याच्या नावे लागतो. पाकिस्तानचा ड्रॅगफ्लिकर सोहेल अब्बास ३४८ गोलांवर पोहोचला, तो मुख्यतः पेनल्टी कॉर्नरच्या जोरावर. कॉर्नर मिळवून देणाऱ्याचं नाव गुणफलकावर येत नाही.

पदकांचा रकाना तर आणखी फसवा. पिल्ले खेळले त्या चार विश्वचषकांत भारताचे क्रमांक असे: १९९० ला दहावा, १९९४ ला पाचवा, १९९८ ला नववा, २००२ ला पुन्हा दहावा. सरासरी साडेआठ. ऑलिंपिकमध्ये बार्सिलोनात सातवा, अटलांटात आठवा, सिडनी आणि अथेन्समध्ये सातवा. चॅम्पियन्स ट्रॉफीतही १९९६, २००२ आणि २००३ ला चौथ्या क्रमांकावर थांबावं लागलं. म्हणजे जागतिक पातळीवरच्या १२ स्पर्धा आणि पदक एकही नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांत मात्र चारही वेळा पदक: १९९०, १९९४ आणि २००२ ला रौप्य, १९९८ ला सुवर्ण.

या आकड्यांवरून खेळाडू कमी पडला असं म्हणणाऱ्याने १९९४ कडे पाहावं. संघ पाचवा आला, तरी जागतिक संघात निवडलेले एकमेव भारतीय होते पिल्ले. कोलोनच्या २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत संघ चौथा, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू पुन्हा तेच. माझ्या मते ही सरासरी पिल्ले यांची नाही, भारतीय हॉकीच्या कारभाराची आहे.

त्या कारभाराचा नमुना बँकॉकच्या आशियाई क्रीडा स्पर्धेनंतर दिसला. डिसेंबर १९९८ मध्ये पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण कोरियाला टायब्रेकरवर हरवलं. १९६६ नंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, हे सुवर्ण आलं होतं. त्यानंतरच्या संघातून पिल्ले आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू बाहेर. अधिकृत कारण: विश्रांती. खेळाडूंना मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांबद्दल पिल्ले उघड बोलले होते, त्याचीच ही परतफेड, असं तेव्हा सर्रास मानलं गेलं.

मग हा माणूस व्यावसायिक खेळाडू होता की नाही? होता, पण देशाबाहेर. भारतात पोट भरायचं ते नोकरीवर. आधी महिंद्र अँड महिंद्र, मग इंडियन एअरलाइन्स. हॉकी खेळण्याचे पैसे मिळत ते लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समधलं लियों, जर्मनीतलं स्टुटगार्ट, ढाक्याचं अबाहनी आणि मलेशियातले क्लब अशा ठिकाणी. डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या पावणेपंधरा वर्षांत ३३९ सामने, म्हणजे वर्षाला सरासरी २३. नॅशनल हॉकी लीगमध्ये नियमित हंगामातच प्रत्येक संघाचे ऐंशीहून अधिक सामने होतात. वर्षाला २३ सामने हा देशासाठीचा हिशेब. उरलेल्या वर्षात कमाईसाठी परदेशी क्लब शोधावा लागे.

भारतातली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली जानेवारी २००५ मध्ये, पिल्ले यांच्या शेवटच्या ऑलिंपिकनंतर पाच महिन्यांनी. मराठा वॉरियर्सकडून ते उतरले तेव्हा वय ३६ होतं. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली. तिथे कर्नाटक लायन्सकडून खेळताना ते ४३ वर्षांचे होते.