मोटार दारात, नंबर परराज्यात!

भगिनींनो, घरात मोटार घ्यायची ठरली की बोलणी कुठे होतात? पुढच्या खोलीत. कंपनी कोणती, रंग कोणता, काच वरून उघडते की नाही, सगळी चर्चा पुरुषमंडळींत रंगते. आपण चहा नेऊन ठेवतो आणि कुणी विचारलेच तर "तुमचं तुम्हीच काय ते ठरवा" म्हणून मोकळ्या होतो. पण कर्जाच्या किंवा कराराच्या कागदावर जामीनदार म्हणून सही लागते, तेव्हा मात्र आपली हमखास आठवण होते! म्हणूनच हा विषय आज स्वयंपाकघराच्या या बाजूला आणला आहे.

अमळनेरच्या गृहिणीला पैशाचे शहाणपण कुणी शिकवायला नको. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे 'विप्रो' झाली. त्या वेळी घेतलेले थोडेसे शेअर्स अनेक घरांनी न विकता जपून ठेवले. राहणी साधी, पण पेटीत कागद मोलाचे, अशी या गावाची ख्याती झाली ती त्यामुळेच. आता त्याच घरांतली पुढची पिढी म्हणते, "काका, आता तरी एक चांगली मोटार घेऊ या. मर्सिडीज, ऑडी नाहीतर बी.एम.डब्ल्यू.!" हौसेला मोल नाही हे खरे, पण हौसेचा हिशेब मात्र असलाच पाहिजे.

अशा वेळी दोन सल्ले हटकून मिळतात. पहिला : "विकत कशाला घेता? लीजवर घ्या." दुसरा : "नंबर सुरतेचा घ्या, कर निम्मा पडतो." दोन्ही जरा उलटून पाहू या.

लीज म्हणजे काय हो?

लीज म्हणजे सरळ मराठीत भाडेपट्टा. मोटार कंपनीच्या मालकीची. आपण दोन ते पाच वर्षे दरमहा भाडे द्यायचे, मोटार वापरायची आणि मुदत संपली की परत करायची, किंवा करारात ठरलेली उरलेली किंमत भरून ती आपली करायची. बऱ्याच करारांत विमा आणि देखभाल भाड्यातच धरलेली असते.

आता वहीपेन्सिल घ्या. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या हाती आलेल्या कागदावरचे आकडे त्यांच्या जागी घाला.

समजा, मोटार ५० लाखांची, पेट्रोलवर चालणारी. विकत घेतली तर १० लाख रोख आणि ४० लाखांचे कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत ४ वर्षे. हप्ता पडेल सुमारे ९९,५४० रुपये. ४८ हप्त्यांचे झाले जवळजवळ ४७ लाख ७८ हजार. महाराष्ट्राचा कर १३ टक्क्यांनी साडेसहा लाख. चार वर्षांचा विमा व देखभाल मिळून ६ लाख धरा. एकूण ७० लाख २८ हजार. चार वर्षांनी मोटार २० लाखांना विकली गेली तर निव्वळ खर्च ५० लाख २८ हजार.

लीजचे भाडे सगळे कर धरून महिना १ लाख २० हजार असेल, तर ४८ महिन्यांचे ५७ लाख ६० हजार. म्हणजे ७ लाख ३२ हजार जास्त. पण थांबा! विकत घेताना सुरुवातीलाच रोख रक्कम आणि कर मिळून जे साडेसोळा लाख गेले असते, ते इथे हातात राहिले. ७ टक्क्यांनी ठेवले तर चार वर्षांत त्यांचे पाच लाखांच्या आसपास व्याज होते. फरक दोन-सव्वादोन लाखांवर येतो.

तेव्हा लीज ही लूट नव्हे आणि स्वस्ताईही नव्हे. ती सोयीची की गैरसोयीची, हे दोन गोष्टींवर ठरते. ते साडेसोळा लाख खरोखर बाजूला राहणार आहेत, की दुसऱ्या वाटेने उडणार आहेत? आणि मोटार किती धावणार आहे? करारात किलोमीटरची मर्यादा असते. चार वर्षांना ६० हजार किलोमीटर ठरले आणि आपण ७० हजार धावलो, तर जादा किलोमीटरला २० रुपयांप्रमाणे २ लाख भरावे लागतील. अमळनेरसारख्या गावात असल्या मोटारींची शोरूम नाही, नुसत्या सर्व्हिसिंगसाठीही मोठे शहर गाठावे लागते. त्यात लग्नसराई, सुरतेचे नातेवाईक आणि पुण्याची मुले धरा. मर्यादा केव्हा ओलांडली ते कळतही नाही.

सुरतेच्या नंबराचा मोह

सुरत आपल्याला परकी नाही. रेल्वेचा रुळ थेट जातो, आणि कुणाचा दीर, कुणाची नणंद तिथे असतेच. गुजरातेत खाजगी मोटारीवर एकरकमी कर साधारण ६ टक्के. महाराष्ट्रात पेट्रोलच्या मोटारीला किमतीप्रमाणे ११, १२ किंवा १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के. ५० लाखांच्या मोटारीवर ढोबळ मानाने साडेतीन लाखांचा फरक! मोह होणारच.

पण कायदा विचारतो तो प्रश्न अगदी साधा आहे : मोटार रात्री कुठे उभी राहते? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे, मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि जिथे मोटार नेहमी ठेवली जाते, तिथल्या आर.टी.ओ. कडे नोंदणी व्हायला हवी. अमळनेरच्या मोटारीला जळगावचा एम.एच. १९ हा नंबर. दिराच्या घरचा पत्ता आपला म्हणून दाखवणे ही युक्ती नव्हे, तो खोटा पत्ता आहे. २०१७ साली केरळात काही नामवंत नटमंडळींच्या पुदुच्चेरीला नोंदलेल्या मोटारींची अशीच चौकशी होऊन गुन्हे दाखल झाले होते.

बरे, मोटार खरोखर सुरतेची असली आणि नंतर इथे आणली, तरी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. आधीच्या आर.टी.ओ. चा ना हरकत दाखला आणायचा, मोटारीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा कर भरायचा आणि तिकडे भरलेल्या कराचा नियमात बसेल तेवढा परतावा मागत फिरायचे. वाचवलेले साडेतीन लाख असे पाय फुटून जातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरे काय?

ज्यांची नोकरीच फिरतीची, त्यांच्यासाठी सरळ मार्ग आहे. सप्टेंबर २०२१ पासून 'बी.एच.' मालिकेचा नंबर मिळतो. सैन्यातले, सरकारी व सार्वजनिक उपक्रमांतले नोकरदार आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांतले लोक तो घेऊ शकतात. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदली झाली तरी नंबर तोच. मुलगा किंवा जावई अशा नोकरीत असेल तर त्याला हे जरूर सांगा. दुकानदार, शेतकरी आणि गावातल्या व्यावसायिकांना मात्र ही सोय नाही.

दोन्ही सल्ले एकत्र आले की

खरी गुंतागुंत इथे आहे. कंपनीच्या नावावरच्या मोटारीला महाराष्ट्रात २० टक्के कर लागतो. मग भाडे कमी दाखवण्यासाठी लीजची मोटार कमी कराच्या राज्यात नोंदलेली मिळू शकते. वर्षभराने इथला कर भरायची वेळ आली की तो कुणी भरायचा? "कंपनीची मोटार, कंपनी बघेल" असे समजू नका. कायद्याच्या व्याख्येत भाडेकराराने मोटार ज्याच्या ताब्यात आहे, तोही 'मालक' धरला जातो. शिवाय पुढे लागणारे कर भाडेकरूने भरायचे, असे कलमही करारात असू शकते.

म्हणून सही करण्यापूर्वी एवढे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या :

१. मोटार कोणत्या राज्यात, कुणाच्या नावावर नोंदणार?

२. महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करावी लागली तर कर व खर्च कुणाचा?

३. भाड्यात जी.एस.टी., विमा, टायर, देखभाल यांपैकी काय काय आले?

४. किलोमीटरची मर्यादा किती आणि जादा किलोमीटरला दर काय?

५. मुदतीआधी मोटार परत केली तर दंड किती?

६. परत करताना ओरखडे, पोचे यांचे पैसे कोण आणि कसे ठरवणार?

७. शेवटी विकत घ्यायची तर किंमत आजच ठरली आहे का? आणि मोटार आपल्या नावावर करताना कर कुणी भरायचा?

व्यवसाय असेल तर लीजचे भाडे खर्चात किती धरता येते, ते आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला विचारा. कराचे दर अधूनमधून बदलतात, म्हणून खरेदीच्या आठवड्यात जळगावच्या आर.टी.ओ. कडून खात्री करून घ्या.

आणि एक शेवटचे. या मोटारीसाठी सासूबाईंनी जपलेले शेअर्स किंवा तुमचे दागिने मोडायचे असतील, तर त्या हिशेबात आणखी एक ओळ घाला. शेअर्स वाढण्याची आशा तरी असते. मोटार मात्र शोरूमच्या दारातून बाहेर पडल्या क्षणापासून उतरू लागते. ही ओळ घालूनही हिशेब जमत असेल, तर खुशाल घ्या आणि पुढच्या सीटवर ऐटीत बसा. जमत नसेल, तर नाही म्हणण्याचा हक्क सही करणारीला आहेच.