‘नाही’ ऐकण्याची दोन वर्षे

पांढराशुभ्र सदरा, गळ्यात टाय, छातीवर काळी नामपट्टी. अशा वेषातली दोन मुले परक्या शहरातल्या एखाद्या गल्लीत दाराची घंटा वाजवतात. आतून कुणीतरी पडदा किंचित सारून पाहते आणि पुन्हा सोडून देते. दार उघडत नाही. दोघे पुढच्या दाराकडे वळतात. मिसरूडही नीट न फुटलेल्या या मुलांच्या नामपट्टीवर आडनावाआधी ‘एल्डर’ म्हणजे ‘वडीलधारा’ अशी पदवी असते, ही त्यातली गंमत!

हे मॉर्मन मिशनरी. जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे त्याचे अधिकृत नाव. मुख्यालय यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. आज जगभर या पंथाचे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक फिरत आहेत. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. पगार नाही, उलट खर्चच स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या खिशातून करायचा. अमेरिकेतल्या मुलासाठी ही रक्कम २०२० पासून महिना ५०० डॉलर झाली. कुठे जायचे हेही त्याच्या हाती नसते. कुणाच्या वाट्याला ब्राझील येते, कुणाच्या जपान. यूटातल्या प्रोव्हो येथील केंद्रात पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. पण काही आठवड्यांत पदरी पडते ती किती? तेवढ्याच शिदोरीवर अनोळखी दारात उभे राहायचे असते.

दिवस घड्याळाला बांधलेला. पहाटे उठणे, वाचन, प्रार्थना, मग दिवसभर फिरणे. आठवड्यातला एक दिवस धुणे, वाणसामान आणि घरच्या पत्रांसाठी. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. जोडीदार चर्च नेमून देते आणि त्याला सोडून एकट्याने कुठे जायचे नाही. त्याच्या घोरण्यापासून त्याच्या रागापर्यंत सारे सोसायचे. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन करायचा तो वर्षातून दोनदाच, नाताळात आणि मातृदिनी. आता दर आठवड्याला बोलता येते. त्या एका सवलतीने किती आयांचा जीव भांड्यात पडला असेल!

पण खरी कसोटी ‘नाही’ या शब्दाची. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे मिट रॉम्नी ऐन तारुण्यात, १९६६ ते ६८ या काळात, फ्रान्समध्ये मिशनरी होते. मॉर्मनांना दारू वर्ज्य, चहा-कॉफीही वर्ज्य. असा धर्म घेऊन फ्रेंचांच्या दारात जायचे, म्हणजे कोल्हापुरात तिखटाविरुद्ध प्रचार करण्यासारखेच!

ही निराशा या पंथाइतकीच जुनी आहे. जोसेफचा धाकटा भाऊ सॅम्युएल १८३० मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या प्रती घेऊन पायी निघाला. लोकांनी त्याला वाटेला लावले, उतरायला जागाही दिली नाही. आपली फेरी वाया गेली असेच त्याला वाटले. पण त्याने दिलेली एक प्रत हातोहाती ब्रिगहॅम यंग याच्यापर्यंत पोचली. पुढे याच यंगने मॉर्मनांना यूटात नेऊन वसवले.

दर फेरीच्या शेवटी मात्र असा यंग नसतो. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात आला. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत येण्यास बंदी केली. मोजकी माणसे त्याच्याभोवती जमली. काही वर्षांतच त्याला परतावे लागले. पुण्याच्या स्मृतीत आज त्याची पुसटशी खूणही नाही.

मग ही मुले टिकतात कशाच्या बळावर? आनंद लहान असतात, पण खरे असतात. परक्या भाषेतला विनोद पहिल्यांदा कळतो आणि आपण सर्वांबरोबर हसतो. एखादी आजी धर्माचे काही ऐकून घेत नाही, पण ताटात वाढते. कुणाचे सामान हलवून द्यावे, कुणाच्या आजारपणात शेजारी बसावे आणि त्या दिवशी पुस्तकाची आठवणही होऊ नये!

धर्मांतराचा हेतू घेऊन दारात आलेल्या माणसाविषयी आपल्या मनात किंतु असतो आणि तो अगदीच निराधार नाही. आपला धर्म दुसऱ्याला द्यावा ही इच्छा कितीही निर्मळ असली, तरी त्यात दुसऱ्याचे काहीतरी उणे आहे हे गृहीत धरलेले असते. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क घरमालकाचाच. पण तो नम्रपणे ऐकून पुढच्या दाराकडे जाणे, ही शिकवण आपल्या किती मुलांना मिळते?

या कथेतले सर्वांत दुःखी पात्र मात्र दार न उघडलेला मुलगा नव्हे. आजारपणामुळे किंवा मन खचल्यामुळे मुदतीआधी घरी परतलेला मुलगा, हे ते पात्र. गावाने वाजतगाजत निरोप दिलेला असतो. आता तेच गाव कुजबुजते. परक्यांचा नकार सोसायला त्याला शिकवलेले असते, आपल्यांचा नाही. अठराव्या वर्षी मुलाला इतक्या दूर पाठवणाऱ्यांनी निदान एवढे करावे: तो केव्हाही परतला, तरी त्याच्या स्वतःच्या घराचे दार पहिल्याच घंटेला उघडावे.