मीटर नवा, कंपनी तीच

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यात विजेच्या मीटरबद्दल दोन गोष्टी कानावर येतात आणि गंमत म्हणजे दोन्ही एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एक म्हणतो, "आपला मीटर जुना आहे, म्हणून कंपनी बदलता येत नाही. स्मार्ट मीटर बसू द्या, मग सिमकार्डासारखी वीजही पोर्ट करून घेऊ." दुसरा म्हणतो, "तो मीटर दारात येऊच देऊ नका. बसला की लाईन खासगी कंपनीच्या घशात गेली समजा."

दोघांनीही मीटरला फारच मोठं करून ठेवलं आहे. मीटर हा तराजू आहे, दुकान नव्हे. तराजू बदलल्याने दुकानाचा मालक बदलत नाही, आणि तराजू जुना असल्यामुळे दुसऱ्या दुकानात जाता येत नाही असंही नसतं. पोंभुर्ण्यात अडचण अशी आहे की दुसरं दुकानच नाही. पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरीपासून पार भामरागडपर्यंत घरगुती ग्राहकाला वीज विकण्याचा परवाना एकट्या महावितरणकडे आहे. मीटर कोणताही असो, जुना चकतीचा, आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक किंवा नवा स्मार्ट, कंपनी बदलण्याचा अर्ज करायला समोर दुसरी खिडकी नाही.

"मुंबईत चालतं, मग इथे का नाही?"

मुंबईत चालतं हे खरं आहे, पण कसं चालतं ते पाहायला हवं. उपनगरात पूर्वीची बीएसईएस, मग रिलायन्स आणि 2018 पासून अदानी इलेक्ट्रिसिटी अशी एक कंपनी, आणि त्याच भागात टाटा पॉवरचाही परवाना. टाटाला घरगुती ग्राहकांना वीज विकता येते की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2008 साली टाटाच्या बाजूने निकाल लागला. तरी प्रश्न उरला तारांचा. टाटाच्या तारा घरोघरी पोहोचलेल्या नव्हत्या. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ऑक्टोबर 2009 मध्ये तोडगा काढला: तारा रिलायन्सच्या, वीज टाटाची, आणि तारांचं भाडं ग्राहकाच्या बिलातून. मग लाखो ग्राहक इकडून तिकडे गेले. पुढे रिलायन्सची जुनी थकीत वसुली या ग्राहकांच्याही बिलात आली आणि स्वस्ताईचा आनंद बराच ओसरला. भांडण तारांवरून आणि वसुलीवरून झालं. मीटरचा प्रकार हा त्यातला मुद्दाच नव्हता.

त्याच मुंबईत कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टचा भाग आहे. बेस्ट ही महापालिकेची. वीज कायदा 2003 च्या कलम 42 मध्ये अशा स्थानिक संस्थांना आपल्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याच्या सक्तीतून सूट आहे. म्हणजे एकाच शहरात रस्त्याच्या अलीकडे त्याच तारांवर कंपनी बदलता येते आणि पलीकडे नाही. मीटर दोन्हीकडे सारखाच असला तरी फरक पडत नाही.

आता हे पोंभुर्ण्याला लावून पाहा. कायद्याच्या कलम 14 नुसार एकाच भागात दुसऱ्या कंपनीला परवाना मिळू शकतो, पण तिने स्वतःचं जाळं उभारून वीज द्यायची. त्यात 2022 च्या नियमदुरुस्तीने दुसऱ्या परवान्यासाठी किमान क्षेत्र ठरवून दिलं: अख्खी महानगरपालिका किंवा लागून असलेले तीन महसुली जिल्हे, याहून लहान क्षेत्र हवं असेल तर सरकारने तसं अधिसूचित करायचं. नुसती नगरपंचायत हद्द आणि चार राइस मिल घेऊन कुणाला इथे धंदा मांडता येणार नाही. चंद्रपूर घ्यायचं तर शेजारचे आणखी दोन जिल्हे घ्या, आणि मागेल त्याला जोडणी द्या, मग तो टोला जंगलाच्या कितीही आत असो.

आणि जंगल तर आहेच. इथल्या तारा सागाच्या आणि मोहाच्या झाडांमधून जातात. पावसाळ्यात एक फांदी पडली की डीपीखालची सगळी घरं अंधारात. नवी लाईन टाकायची तर 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानगी लागते. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये विजेच्या तारांसाठी सोपी वाट आहे: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस. पण ही वाट सरकारच्या व्यवस्थापनाखालील सुविधांसाठी आहे. खासगी कंपनीने समांतर खांब रोवायचे ठरवले तर तिला लांबच्याच वाटेने जावं लागेल. एकाच जंगलातून दोन कंपन्यांच्या दोन लाईनी नेण्यात कुणाचं भलं आहे, हे मला तरी उमगलेलं नाही.

"नागपूरकरांनी तर कंपनी बदलली होती"

नाही. मे 2011 ते सप्टेंबर 2019 या काळात नागपुरातल्या महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स विभागांत एसएनडीएल या कंपनीचे लोक बिलं वाटत, वसुली करत, तक्रारी घेत. म्हणून ती 'दुसरी कंपनी' वाटली. ती फ्रँचायझी होती. परवाना महावितरणचाच, दर आयोगाने ठरवलेले तेच. ग्राहकाला निवड नव्हती. त्याच्या दारात येणारा माणूस तेवढा बदलला होता. भिवंडीत टोरंट 2007 पासून याच पद्धतीने आहे.

"स्मार्ट मीटर म्हणजे खासगीकरण"

या समजाला धूर आहे, कारण थोडी आगही आहे. केंद्राने 2021 साली आणलेल्या योजनेत देशभर 25 कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायचं ठरलं. महाराष्ट्रात 2023 मध्ये अदानी, एनसीसी, जीनस आणि मोंटेकार्लो या कंपन्यांना कामं मिळाली. चंद्रपूर, गोंदिया, नागपूरकडचं काम मोंटेकार्लोकडे. गणवेशावर आणि गाडीवर खासगी नाव दिसल्यावर माणूस घाबरणारच. पण हा ठेका मीटर बसवण्याचा, राखण्याचा आणि आकडे पोहोचवण्याचा आहे. वीज विकत घ्यायची महावितरणने, विकायची महावितरणने, दर ठरवायचा आयोगाने. ठेका किती महाग पडला आणि तो खर्च शेवटी कुणाच्या बिलात येणार, हा प्रश्न वेगळा आणि विचारण्याजोगा आहे. तो 'कंपनी बदलली' या ओरडीखाली दडून जातो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

प्रीपेडला राज्यभर विरोध झाल्यावर जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचं जाहीर केलं. पुढे तेच स्मार्ट मीटर 'टीओडी' या नावाने आणि महिन्याच्या महिन्याला बिल येणारे म्हणून आले. टीओडी म्हणजे वेळेनुसार दर. जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळात वापरलेल्या युनिटवर घरगुती ग्राहकांना 80 पैसे ते 1 रुपया सवलत सुरू झाली. इथे मात्र मीटरच्या प्रकाराने खरोखर फरक पडतो. जुना मीटर फक्त महिन्याची बेरीज सांगतो. दुपारी मोटार चालली की रात्री कूलर, हे त्याला कळत नाही. त्यामुळे ही सवलत जुन्या मीटरवर मिळत नाही.

मग कंपनी बदलताना मीटरमुळे अडतं तरी कुठे?

दोन ठिकाणी. पहिलं इंग्लंडात. तिथे 1999 पासून प्रत्येक घराला वीज कंपनी निवडता येते. पहिल्या पिढीचे स्मार्ट मीटर प्रत्येक कंपनीने आपापल्या संपर्कयंत्रणेला जोडून बसवले होते. कंपनी बदलली की नव्या कंपनीला त्या मीटरशी बोलता येईना. मीटर चालू, वीज चालू, पण आकडा आपोआप जाईना. घरमालकाने पुन्हा वाकून आकडे वाचायचे आणि कळवायचे. 2019 पासून हे मीटर एका सामाईक यंत्रणेत घ्यायला सुरुवात झाली. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या तोंडून हे किस्से इकडे येतात आणि वाटेत त्यांचं 'जुन्या मीटरवर कंपनी बदलत नाही' असं होऊन जातं.

दुसरं ठिकाण घराजवळचं आहे. कायद्याने एक मेगावॉटपेक्षा जास्त मागणी असलेल्या ग्राहकाला महावितरण सोडून दुसऱ्याकडून वीज घेता येते. 2022 च्या नियमांनी हरित विजेसाठी ही मर्यादा 100 किलोवॉटवर आणली. मूलकडची एखादी मोठी राइस मिल त्यात बसू शकते. तिला मात्र दर 15 मिनिटांचा हिशेब वेगळा नोंदवणारा मीटर लागतो, कारण कोणत्या पाव तासात कुणाची वीज वापरली हे ठरवायचं असतं. दोन दिवे, पंखा, टीव्ही आणि फ्रिज चालवणाऱ्या घराचा मंजूर भार एक-दोन किलोवॉट. ते या दारापर्यंत पोहोचतच नाही.

छतावर सौर पॅनल बसवून दोन्हीकडचं मोजणारा नेट मीटर घेतला तरी कंपनी बदलत नाही. महावितरणकडून घ्यायचे युनिट कमी होतात, इतकंच.

"वीज चंद्रपुरात बनते, मग थेट तिथूनच का नाही?"

चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं, राखही आपल्याच वाट्याला, म्हणून हा प्रश्न रास्त रागातून येतो. पण जून 2005 मध्ये राज्य विद्युत मंडळाचं विभाजन झालं आणि वीज बनवणं महानिर्मितीकडे, वाहणं महापारेषणकडे, विकणं महावितरणकडे गेलं. केंद्र घराला वीज विकत नाही. आपल्या बिलात 'वहन आकार' म्हणून एक रक्कम वेगळी छापलेली असते, ती तारांची. उद्या दुसरी कंपनी आली आणि तारा याच राहिल्या, तर हा आकडा नव्या बिलातही येईल.

विजेचं पोर्टिंग कायद्यात आणायचे प्रयत्न झाले. 2014 चं विधेयक बारगळलं. ऑगस्ट 2022 चं विधेयक स्थायी समितीकडे गेलं आणि लोकसभेबरोबर संपलं. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने नवा मसुदा काढला, त्यात अनेक कंपन्यांनी एकच जाळं वापरण्याची तरतूद आहे. जानेवारी 2023 मध्ये नवी मुंबईकडच्या समांतर परवान्याच्या अर्जावरून वीज कर्मचारी संपावर गेले होते, हे आठवलं की या वाटेवरचे दगड किती मोठे आहेत ते कळतं.

कंपनी बदलता येत नसली तरी मीटर वेगाने पळतो असं वाटलं तर करण्यासारखं बरंच आहे. 1912 वर किंवा लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. 2024 च्या नियमदुरुस्तीनुसार वापर आणि रीडिंग जुळत नसल्याची तक्रार आली की पाच दिवसांत शेजारी दुसरा तपासणी मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे पडताळायचे आहेत. रोज एका वेळी दोन्ही आकड्यांचा फोटो काढून ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर नागपूरला विद्युत लोकपाल. मंचाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. लाईनमनने खांबाखालून तोंडी सांगितलं तर ती नोटीस धरली जात नाही.