घर विकून गाडीत राहणारे अमेरिकन आजी-आजोबा: वाळवंटात त्यांचा रविवार कसा जातो?

इन्स्टाग्रामवर 'व्हॅनलाइफ'चे रील्स तुम्हीही पाहिले असतील. गाडीचं मागचं दार उघडतं, समोर वाळवंटातला सूर्योदय आणि हातात कॉफीचा मग. पण अमेरिकेत गाडीत राहणारे सगळे पंचविशीतले नाहीत. त्यांच्यात निवृत्त जोडपी मोठ्या संख्येने आहेत. काहींनी तर राहतं घर विकून 'आरव्ही'लाच घर केलंय.

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम असं सगळं असलेलं चाकांवरचं घर.

मुलं दूर, शेजारी रोज नवे आणि डोक्यावर वाळवंटाचं लहरी आभाळ. मग अडीअडचणीला यांच्यासाठी धावून कोण येतं?

हे लोक जातात कुठे?

उत्तरेकडे बर्फ पडायला लागला की हजारो आरव्ही दक्षिणेला निघतात. या लोकांना तिकडे 'स्नोबर्ड्स' म्हणतात. थंडीत स्थलांतर करणारे पक्षी असतात ना, तसेच.

त्यांचा एक मोठा थांबा म्हणजे अ‍ॅरिझोनातलं क्वार्टझसाइट. २०२०च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या अडीच हजारांच्याही आत होती. हिवाळ्यात मात्र आजूबाजूचं वाळवंट गाड्यांनी भरून जातं. जानेवारीत इथे आरव्हींचं मोठं प्रदर्शनही भरतं.

इथली बरीचशी जमीन केंद्र सरकारची आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात ठरावीक भागात परवाना काढून मुक्काम करता येतो. या सात महिन्यांची फी कित्येक वर्षं फक्त १८० डॉलर होती. त्यामुळे पेन्शनवर जगणाऱ्यांना हे परवडतं. २०२१ मध्ये ऑस्कर जिंकलेल्या 'नोमॅडलँड' या सिनेमातही हाच परिसर दिसतो. घरभाडं झेपत नाही म्हणून गाडीत आलेले लोक त्यात आहेत. थोडक्यात, इथे येणारा प्रत्येक जण हौसेनेच आलेला असतो असं नाही.

रविवारी काय होतं?

अशा मुक्कामी जोडप्यांची सकाळ हिशोबाने सुरू होते. टाकीत पाणी किती उरलंय? मैलापाण्याची टाकी कधी रिकामी करायची? सोलर पॅनलवर धूळ बसलीय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज वाऱ्याचा अंदाज काय आहे?

मग प्रार्थनेची वेळ. गावात चर्च आहेतच. शिवाय अनेक आरव्ही पार्कमध्ये सभागृहातच प्रार्थना होते. कुठे निवृत्त पाद्री पुढाकार घेतात, तर कुठे लोक घडीच्या खुर्च्या मांडून उघड्यावरच बसतात. पंथ कोणता, याची फारशी चौकशी होत नाही.

प्रार्थनेनंतर अनेकदा 'पॉटलक' असतं. म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. आपल्या अंगतपंगतीसारखंच.

हे फक्त जेवण नसतं. कोण आज आलं नाही, कोणाची तब्येत बरी नाही, कोणाला डॉक्टरकडे न्यायचंय, हे सगळं इथे कळतं. ज्यांचा कायमचा शेजार नाही, त्यांच्यासाठी ही रविवारची हजेरीच आधार असते.

काही जण त्यापुढेही जातात. युनायटेड मेथडिस्ट चर्चशी जोडलेला 'नोमॅड्स' नावाचा स्वयंसेवकांचा गट आहे. त्याचे सदस्य आपापल्या आरव्ही घेऊन जातात आणि चर्च, मुलांच्या संस्था किंवा आपत्तीत पडझड झालेली घरं दुरुस्त करतात.

धार्मिक नसलेलेही आधार आहेत. १९७८ मध्ये सुरू झालेला 'एस्केपीज' हा आरव्हीवाल्यांचा क्लब टेक्सासमधून सदस्यांची टपाल सेवा चालवतो. आजारी किंवा थकलेल्या सदस्यांना आपल्याच आरव्हीत राहून मदत मिळावी, यासाठी तिथे एक केंद्रही आहे.

मग वाळवंटाचं हवामान काय खेळ करतं?

पहिला शत्रू वारा. आरव्ही उंच आणि चपट्या बाजूंची असते, त्यामुळे आडवा वारा तिला जोरात ढकलतो. सावलीसाठी बाहेर काढलेलं कापडी छत एका झोतात फाटू शकतं. म्हणून वारा वाढला की छत गुंडाळायचं, गाडीचे बाहेर सरकणारे भाग आत घ्यायचे आणि शक्य असेल तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं.

दुसरा शत्रू 'हबूब'. हा मूळ अरबी शब्द. वादळी ढगातली थंड हवा वेगाने खाली आदळते, जमिनीवर पसरते आणि धुळीची भिंत उभी करते. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्स शहरावर आलेली अशी भिंत ५ हजार फुटांपेक्षा उंच होती. १३ मे २०२४ ला मुंबईत भरदुपारी अंधारून आलं होतं, तेव्हाही वादळी ढगांतून सुटलेल्या वाऱ्यानेच धूळ उडवली होती. हबूब मुख्यतः उन्हाळ्यात येतात. तोवर बहुतेक स्नोबर्ड्स परतलेले असतात, पण वर्षभर तिथेच राहणाऱ्यांची सुटका नसते.

रस्त्यात धुळीने गाठलं तर अ‍ॅरिझोनात एक नियम शिकवतात. गाडी रस्त्यापासून शक्य तितकी लांब घ्या, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे बंद का? कारण मागचा ड्रायव्हर तुमचे लाल दिवे पाहून 'रस्ता इकडेच आहे' असं समजतो आणि येऊन धडकतो.

तिसरा शत्रू पाणी. हो, वाळवंटात! तिथली कडक जमीन पाणी चटकन शोषत नाही. डोंगरात पाऊस पडला की कोरड्या ओढ्यातून अचानक लोंढा येतो, अगदी डोक्यावर ऊन असतानाही. फूटभर वाहतं पाणी छोटी कार वाहून नेऊ शकतं. म्हणून सपाट, मऊ वाळूचा ओढा कितीही छान दिसला तरी तिथे मुक्काम करायचा नसतो. अ‍ॅरिझोनात तर बॅरिकेड ओलांडून पाण्यात अडकलेल्या ड्रायव्हरकडून बचावाचा खर्च वसूल करता येतो. लोक या कायद्याला 'स्टुपिड मोटरिस्ट लॉ' म्हणतात!

या दोन गोष्टींचा संबंध काय?

सरळ आहे. वादळात मोबाइलची रेंज जाऊ शकते, रस्ते बंद होतात आणि रुग्णवाहिकेला उशीर होतो. अशा वेळी शेजारच्या गाडीतला माणूसच पहिली मदत असतो. २०२३ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात 'बर्निंग मॅन' महोत्सवात पाऊस झाला आणि सुमारे ७० हजार लोक चिखलात अडकले. तेव्हाही अनेकांनी अन्न-पाणी वाटून घेतलं होतं.

क्वार्टझसाइटमधलं सगळ्यात प्रसिद्ध स्मारकही अशाच एका परक्या प्रवाशाचं आहे. १८५६ मध्ये अमेरिकी लष्कराने वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट आणले, त्यांच्यासोबत आलेला उंटवाला हाजी अली. मुंबईच्या हाजी अलीशी याचा संबंध नाही. स्थानिकांना नाव नीट उच्चारता येईना, म्हणून तो 'हाय जॉली' झाला. १९०२ मध्ये तो वारला. आज त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड आहे आणि टोकावर उंट.

तेव्हा पुढच्या वेळी व्हॅनलाइफचा रील पाहून तुम्हालाही निघावंसं वाटलं, तर गाडीची किंमत काढण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. रात्री दोनला वारा सुटला, तर दार वाजवायला शेजारी कोण असेल?