अपूत्रयी : कोणत्या क्रमाने?

सत्यजित राय यांची अपूत्रयी क्रमानेच पाहायला हवी का, असं मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. फिल्म सोसायटी ज्या रविवारी जो चित्रपट दाखवील तो पाहायचा, एवढंच आपल्या हाती असे. मी स्वतः ‘अपूर संसार’ आधी पाहिला, ‘पथेर पांचाली’ नंतर आणि ‘अपराजितो’ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आता तिन्ही चित्रपट घरबसल्या मिळतात, म्हणून क्रम निवडण्याची वेळ आली आहे. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण आपण एक गोष्ट पाहतो आहोत की तीन, हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

क्रमाचा आग्रह नको म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. ‘पथेर पांचाली’ (१९५५) काढताना राय यांच्या मनात त्रयी नव्हती. ‘अपराजितो’ (१९५६) आला, तेव्हाही तिसरा चित्रपट ठरलेला नव्हता. व्हेनिसच्या महोत्सवात ‘अपराजितो’ला १९५७ साली सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तिथे कोणीतरी विचारलं, ‘त्रयी करणार का?’ आणि आपण ‘हो’ म्हणून मोकळे झालो, असं राय यांनीच पुढे सांगितलं आहे. ‘अपूर संसार’ आला १९५९मध्ये. मधल्या काळात त्यांनी ‘पारशपाथर’ आणि ‘जलसाघर’ असे दोन अगदी वेगळ्या जातीचे चित्रपट केले. तीन चित्रपटांत मिळून अपूचं काम चौघांनी केलं आहे. त्यातले सौमित्र चॅटर्जी ‘अपराजितो’च्या वेळीच राय यांच्यासमोर आले होते, पण किशोरवयीन अपूसाठी ते मोठे दिसत होते. शेवटी मोठा झालेला अपू त्यांच्या वाट्याला आला.

चित्रपटांची विभागणी मूळ पुस्तकांचीही नाही. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबऱ्या दोन, चित्रपट तीन. ‘पथेर पांचाली’ कादंबरीतला काशीचा भाग त्याच नावाच्या चित्रपटात नाही, तो ‘अपराजितो’त आहे. ‘अपराजितो’ कादंबरीच्या उत्तरार्धातून ‘अपूर संसार’ घडला आहे. राय यांनी सांधे आपल्या सोयीने, चित्रपटाच्या गरजेनुसार पाडले. म्हणून प्रत्येक चित्रपटाला स्वतःचा आरंभ आणि स्वतःचा शेवट आहे. नुसता ‘अपूर संसार’ पाहणाऱ्यालाही एका लग्नाची, एका मृत्यूची आणि बापलेकाच्या भेटीची पूर्ण गोष्ट मिळते. मला ती तशी मिळाली होती.

मग क्रमाने पाहून जास्तीचं काय मिळतं? तीन गोष्टी सांगतो.

पहिली कानाची. ‘अपराजितो’त नवऱ्याच्या मृत्यूनंतर सर्वजया अपूला घेऊन काशीहून निघते. गाडीच्या खिडकीबाहेरचा मुलूख हळूहळू बदलतो, बंगालची हिरवळ दिसू लागते आणि रविशंकरांनी ‘पथेर पांचाली’साठी केलेली धून बासरीवर ऐकू येते. निश्चिंदिपूरचं नाव कोणी घेत नाही. ज्याने पहिला चित्रपट पाहिला आहे, त्याच्या गळ्याशी काहीतरी दाटून येतं. ज्याने पाहिला नाही, त्याला ती एक गोड सुरावट वाटते, इतकंच. ती धून म्हणजे प्रेक्षकाची स्वतःची आठवण आहे आणि आठवण आधी तयार व्हावी लागते.

दुसरी गोष्ट आगगाडीची. काशाच्या फुललेल्या गवतातून गाडी पाहायला धावणारी भावंडं सगळ्यांना माहीत असतात. हे दृश्य न पाहिलेल्यांनीही त्याची छायाचित्रं पाहिलेली असतात. तिथे गाडी म्हणजे नवल. ‘अपराजितो’त तीच गाडी अपूला कलकत्त्याला नेते आणि मागे राहिलेल्या आजारी आईला तिचा आवाज तेवढा ऐकू येतो. ‘अपूर संसार’मध्ये अपूची भाड्याची खोली रुळांलगतच आहे, शिट्टीने कान किटतात. पुढे अपर्णा गेल्यावर तो जीव द्यायला त्याच रुळांजवळ उभा राहतो. शेवटी तो काजलसाठी खेळण्यातली गाडी घेऊन जातो आणि मुलगा ती झिडकारतो. नवल, ताटातूट, गोंगाट, मरण, खेळणं. ही पाचही रूपं लक्षात राहतात ती पहिलं रूप मनात असेल तर. नाहीतर शेवटची गाडी नुसतं खेळणं ठरते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे माझंही लक्ष तिन्ही चित्रपट ओळीने पाहिल्यावरच गेलं. दुर्गा मरते तेव्हा हरिहर घरी नाही; कमाईसाठी बाहेर गेलेला तो परततो तेव्हा मुलीसाठी आणलेली साडी त्याच्या हातात असते. सर्वजया मरते तेव्हा अपू कलकत्त्यात आहे, पोचतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. अपर्णा बाळंतपणात जाते तेव्हाही अपू कलकत्त्यातच. प्रत्येक चित्रपटात बाई मरते आणि घरचा पुरुष दूर असतो. नुसत्या ‘अपूर संसार’मधला अपू, जन्मलेल्या मुलाचं तोंडही न पाहता पाच वर्षं भटकणारा, निष्ठुर वाटतो. क्रमाने येणाऱ्या प्रेक्षकाला तो निष्ठुर वाटतोच, पण त्याच्या मागे हरिहरही दिसतो. शेवटी अपू काजलला खांद्यावर घेऊन चालू लागतो, तेव्हा दोन पिढ्यांची गैरहजेरी तिथे मोडते. या शेवटाचं खरं वजन पहिल्या दोन चित्रपटांत साठलेलं आहे.

मराठी प्रेक्षकाने मधला चित्रपट टाळू नये, याला आणखी एक कारण आहे. तिघांत सगळ्यात कमी पाहिला जातो तो ‘अपराजितो’. प्रदर्शित झाला तेव्हा कलकत्त्यातही तो फारसा चालला नाही. आईच्या मायेपासून सुटू पाहणारा मुलगा लोकांना रुचला नाही, असं कारण सांगितलं जातं. आपण तर ‘श्यामची आई’वर वाढलेले लोक. अत्र्यांच्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. दोनच वर्षांनंतरच्या चित्रपटांत ते ‘पथेर पांचाली’ला मिळालं. श्यामही आईच्या अखेरच्या क्षणी जवळ नसतो, पण त्याचं सारं पुढचं आयुष्य आईच्या शिकवणीचं ऋण मानतं. अपू रडतो आणि मग भटजीपण नाकारून परीक्षेसाठी शहराकडे निघतो. आईचं क्रियाकर्म कालीघाटला करीन म्हणतो. शिक्षणासाठी गाव सोडलेल्या आपल्या किती घरांत हे घडलं आहे! श्याम आपल्याला हवासा वाटतो, अपू आपल्याला ओळखतो. म्हणूनच तो अवघड जातो.

पहिल्या चित्रपटावरच थांबण्याचा धोका वेगळा आहे. राय गरिबी परदेशात विकतात, हा आरोप जुना. १९८०मध्ये राज्यसभेच्या सदस्य असताना नर्गिस दत्त यांनीही तो केला होता. निश्चिंदिपूरचं पडकं घर पाहून जो उठून गेला, त्याला हा आरोप निदान सुचू शकतो. जो पुढे चालत राहिला, त्याने त्याच घरातल्या मुलाला पृथ्वीचा गोल हातात घेऊन कलकत्त्याला जाताना, छापखान्यात राबून शिकताना, कादंबरी लिहिताना आणि तिची पानं डोंगरावरून सोडून देताना पाहिलेलं असतं. त्रयीचा विषय गरिबी नाही. गरिबीतून निघालेला माणूस वाटेत काय काय गमावतो, हा आहे.

तेव्हा माझं उत्तर असं : पहिल्यांदा क्रमानेच पाहा, पण एका बैठकीत नको. तिन्ही मिळून साडेपाच तासांच्या आसपास होतात, एका रविवारी उरकता येतील. पण कलकत्त्याच्या पहिल्या प्रेक्षकांना शेवटपर्यंत पोचायला जवळजवळ चार वर्षं लागली होती. निदान आठवडाभराचं अंतर ठेवा. दुर्गा थोडी पुसट होऊ द्या, म्हणजे बासरी वाजल्यावर ती परत येईल. दुसऱ्यांदा मात्र उलट क्रम करून पाहा. काजलपासून मागे जात दुर्गेपर्यंत पोचलात, तर मूल असलेला अपू पाहताना त्याचं पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक असेल आणि त्याला नसेल. ते पाहणं फार जड जातं, पण त्यात वेगळं सुख आहे.

एक लक्षात असू द्या. १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि तिथे असलेल्या या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जळक्या फिती एकेक करून दुरुस्त केल्या गेल्या, जिथे काही उरलं नव्हतं तिथे इतर प्रतींमधून भर घातली गेली, तेव्हा २०१५मध्ये त्रयी पुन्हा स्वच्छ स्वरूपात पडद्यावर आली. इतक्या कष्टाने आपल्यापर्यंत पोचलेल्या तीन चित्रपटांसाठी तीन संध्याकाळी राखून ठेवणं काही फार नाही.