टाके निघाले, पुढे काय?

दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या जुन्या डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) फ्लॅटना बहुधा लिफ्ट नसते. समजा, अपघातात नडगी सोलवटलेला माणूस चौथ्या मजल्यावर राहतो. जखम भरली, ड्रेसिंग थांबलं. कागदोपत्री तो बरा झाला. पण दूध आणायला खाली उतरायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. हे कुठल्या एक्स-रेत दिसणार?

त्यासाठी प्रश्नावल्या असतात. ‘ईक्यू-5डी’ पाचच गोष्टी विचारते: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना, चिंता किंवा उदासी. शिवाय 0 ते 100 अशा उभ्या पट्टीवर आजची तब्येत कुठे आहे, ती खूण रुग्णानंच करायची. जागतिक आरोग्य संघटनेची ‘हूकॉल-ब्रेफ’ 26 प्रश्नांची. ती मूळ 100 प्रश्नांच्या प्रश्नावलीवरून बेतली; त्या मूळ प्रश्नावलीच्या जडणघडणीत जगातल्या 15 केंद्रांमध्ये दिल्ली आणि चेन्नईही होती. शरीर, मन आणि नात्यांबरोबर ती परिसरही विचारात घेते: पैसा पुरतो का, घर कसं आहे, प्रवासाची सोय आहे का. जखमेच्या रुग्णासाठी मला हाच भाग मोलाचा वाटतो. आपल्या चौथ्या मजल्याची नोंद इथेच होते.

एकदाच मोजून मात्र फारसं कळत नाही. काही महिन्यांच्या अंतरानं तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. उत्तरंही रुग्णाचीच हवीत. शेजारी बसलेली आई ‘आता छान चालतो हो’ म्हणते, आणि मुलगा व्रण दिसू नये म्हणून भर जूनमध्येही फुलपँटच घालतो.